एकतिसाव्या दिवसाचं पथ्य

प्रिय भाचेबुवा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. साखर बंद, धान्य बंद, डाळी बंद, दूध-दही बंद, दारू बंद. हे सगळं ३० दिवस, आणि मध्येच चुकलं तर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. म्हणजे ‘होल थर्टी’. २००९ साली अमेरिकेत निघालेलं हे पथ्य रीलमधून तुझ्या हिंजवडीच्या फ्लॅटवर पोचलेलं दिसतंय. करू का, असं विचारलं आहेस. कर, पण जसंच्या तसं नको.

ते पथ्य मांस-मासे-अंडी रोज खाणाऱ्यांच्या ताटावरून बेतलेलं आहे. तू फार तर अंडं खातोस. डाळ, उसळ, दही आणि शेंगदाण्याचं कूट एकदम काढलंस, तर प्रथिनं कुठून आणणार? खुद्द ते पथ्य काढणाऱ्यांनाही २०२२ मध्ये शाकाहाऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती काढावी लागली आणि तीत डाळी-सोयाबीनला परवानगी द्यावी लागली. शिवाय महिनाभर पोळ्यांच्या मावशींना ‘येऊ नका’ म्हणालास, तर महिन्यानंतर त्या तुझ्यासाठी मोकळ्या बसलेल्या नसतील.

आणि तुझं बिघडलंय ते पोळी-भातामुळे नाहीच. चार वाजताचा दोन चमचे साखरेचा चहा, त्याबरोबर बोलता बोलता संपणारा बिस्किटांचा पुडा, रात्री अकराला मागवलेलं काहीतरी, आणि लॅपटॉपशेजारची फरसाणाची पिशवी. भूक नसताना, ‘आता मी हे खाणार’ असं न ठरवता जे पोटात जातं, ते काढ. साखर, मैदा, पुड्यातलं सगळं आणि बाहेरून मागवणं बंद. जेवणानंतर पोट फुगतं म्हणतोस, म्हणून दूध-दही-ताकही महिनाभर थांबव, तूप चालेल. भाकरी, पोळी, भात, वरण, उसळ राहू दे.

गूळ आणि मध ‘नैसर्गिक’ म्हणून आत घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटना मध आणि फळांचा रससुद्धा साखरेतच मोजते. दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि जमल्यास ५ टक्क्यांपेक्षा कमी, असं तिचं २०१५ चं सांगणं आहे. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. तुझे दिवसाचे चहा मोज. पुड्याची मागची बाजूही वाच: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज ही साखरेचीच मंडळी.

‘होल थर्टी’तला एक नियम मात्र मला फार आवडतो. चालणारे पदार्थ वापरून न चालणाऱ्या पदार्थांच्या नकला करायच्या नाहीत. केळं-अंड्याचे पॅनकेकसुद्धा नाहीत. आपल्याला हे कळायला हवं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपलीच! उपासाच्या नावाखाली आपण बटाट्याचे वेफर्स, साबुदाणावडे, बर्फी असं सगळं बसवून घेतलंय. खजुराचे लाडू करून डब्यात भरू नकोस. चार वाजता जी जागा रिकामी राहील, ती आठवडाभर तशीच राहू दे आणि तिथे नक्की काय होतं ते बघ: भूक, कंटाळा, की साहेबांचा मेल?

पहिल्या आठवड्यात वजन उतरलं तर नाचू नकोस. खाणं कमी झालं की शरीर साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरतं, आणि त्याच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी निघून जातं. आणि ३० या आकड्यात जादू नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं, तेव्हा मधला आकडा ६६ निघाला, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा. त्याच अभ्यासात एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. म्हणून ते ‘पुन्हा पहिल्यापासून’चं प्रायश्चित्त मला मान्य नाही. दसऱ्याला वाटीभर श्रीखंड खा, दुसऱ्या दिवशी पुढे चालू लाग.

सुरुवात अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी कर. मग तीस दिवस संपतात तेव्हा साधारण कोजागरी येते, आणि खरं काम तिथून पुढे आहे. बहुतेक जण इथेच घोळ घालतात: महिना संपला म्हणून पावभाजी, आइस्क्रीम, जिलबी एकाच संध्याकाळी. पोट बिघडलं तर कोणामुळे, कसं कळणार? एका वेळी एकच पदार्थ परत आण आणि मग दोन दिवस थांब. कोजागरीचं मसाला दूध या परीक्षेला निरुपयोगी आहे, त्यात साखर आणि सुकामेवाही असतो. आधी पेलाभर साधं, बिनसाखरेचं दूध घे. पोट फुगलं तर ते लक्षात ठेव, आणि दोन दिवसांनी दही वेगळं खाऊन बघ; विरजणात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी होतं, त्यामुळे दूध न सोसणाऱ्यांना दही बऱ्याचदा सोसतं. मग मैदा. साखर शेवटी, आणि तिच्या बाबतीत पोटाकडे नाही, हाताकडे बघ: एका पेढ्यानंतर तो दुसऱ्याकडे जातो का? वसुबारसेपर्यंत एवढं उरकतं, म्हणजे फराळाच्या ताटासमोर बसताना तुला तुझं माहीत असेल.

मधुमेहाची औषधं चालू असलेल्या, किंवा खाण्यावरून पूर्वी आजारी पडलेल्या कुणाला हे डॉक्टरांशिवाय करायला लावू नकोस. तुझा रूममेटही तयार आहे म्हणालास, म्हणून लिहिलं.

आणि तू ओझरतं लिहिलेलं, ‘मला बहुतेक गव्हाची ॲलर्जी आहे’. तसा संशय असेल तर गहू आत्ता अजिबात सोडू नकोस. सीलिअ‍ॅक आजाराची (ज्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते) रक्ततपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधी सोडला तर आजार असूनही ती ‘नाही’ म्हणू शकते. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि रिपोर्ट आला की फोटो पाठव. तोवर गणपती आहेत, मोदक खाऊन घे.

तुझी,
आत्या