नोटीस लिहिणाऱ्या नव्या सेक्रेटरीला

सोसायटीचा सेक्रेटरी झालास, अभिनंदन. आता पहिली कटकट नोटिशीची. तुझा मसुदा वाचला: ‘टाकी सफाईसाठी शनिवारी रात्री १२ पासून पाणी बंद. आपण सहकार्य करावे.’ रात्री १२ म्हणजे कुठली रात्र रे? शुक्रवार संपतानाची की शनिवार संपतानाची? अर्धी बिल्डिंग एक समजणार, अर्धी दुसरं, आणि बादल्या भरायच्या राहिल्या की बेल तुझ्याच दाराची वाजणार. ‘शनिवार रात्री ११.५५’ लिही, वाद मिटला.

‘परवा’ नोटिशीत नकोच. मराठीत तो मागचाही असतो नि पुढचाही. बोलताना क्रियापद सावरून घेतं, पण ‘परवाची सभा’ यात क्रियापदच नाही. शिवाय कागद फळ्यावर चार दिवस राहतो, त्यातला परवा रोज सरकतो. तारीख टाक. ‘१० तारखेपर्यंत’ असेल तर १० धरून की सोडून, तेही सांग.

‘आपण’ मात्र सगळ्यांत फसवा. ‘गळतीचा खर्च आपण करायचा आहे,’ असं मी एकदा लिहून बसलो. मला म्हणायचं होतं ‘तुम्ही’, वरच्या मजल्यावाल्यांनी वाचलं ‘आपण सगळे मिळून’. दोन सभा त्यात गेल्या, चहाचा खर्च वेगळा. ‘खर्च फ्लॅटमालकाने करायचा’ एवढं लिहिलं असतं तर!

नोटीस लावण्याआधी वॉचमनला वाचायला दे. ‘म्हणजे नक्की कधी, साहेब?’ असं त्याने विचारलं, तर कागद परत घे.