उन्हाळ कांदा किती एकर लावायचा आणि शेवटचं पाणी कधी तोडायचं?

चांदवड-येवला पट्ट्यातून या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न वेगवेगळ्या तोंडून, पण एकाच काळजीतून आले आहेत. पहिला: "साहेब, चार एकर जमीन आणि एक विहीर आहे. सगळा उन्हाळ कांदा लावू का?" दुसरा: "सरकार निर्यात कधीही बंद करतं, मग ठिबकवर खर्च कशाला करायचा?" तिसरा एका ताईंचा: "रेशनवर धान्य फुकट मिळतं, तर अर्धा एकर ज्वारीत का अडकवायचा?" उन्हाळ कांदा म्हणजे हिवाळ्यात लावून उन्हाळ्याच्या तोंडाशी काढायचा कांदा. दिवाळीआधी त्याचं बी पडायला लागेल, म्हणून तिन्ही उत्तरं आत्ताच देतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर विहिरीलाच विचारा. पंप चालू करून 200 लिटरचं पिंप भरा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. मागच्या आठवड्यात प्रश्न विचारणाऱ्या भावाच्या विहिरीवर मी स्वतः हे केलं. पिंप 40 सेकंदांत भरलं. म्हणजे सेकंदाला 5 लिटर, तासाला 18 हजार लिटर. आज पंप दिवसभर चालतो, पण त्यांच्याच सांगण्याप्रमाणे मार्चमध्ये दोन तासांतच विहीर उपसते. म्हणजे तेव्हा दिवसाला 36 हजार लिटर.

आता पिकाचा हिशोब. एका एकरावर 5 सेंटीमीटर पाणी उभं करायचं तर साधारण 2 लाख लिटर लागतात. मोकाट, म्हणजे वाफ्यात सोडलेल्या, पाण्यावर मार्चमध्ये एक एकर भिजायलाच साडेपाच दिवस जातील. कांद्याची मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात, त्याला आठ-दहा दिवसांच्या पुढे तहान सोसत नाही. चार एकरांची पाळी फिरायला बावीस दिवस लागले, तर पात पिवळी पडेल आणि कांदा गोल्टीवरच, म्हणजे लहान आकारावरच, थांबेल. नेमका पोसायच्या वेळी. म्हणून चार एकर कांदा लावू नका.

मोकाट पाण्यावर एक एकर कांद्याला बारा पाळ्या धरल्या तरी 24 लाख लिटर जातात. हरभऱ्याला दोनच पाणी मिळालं, एक 30-35 दिवसांनी आणि दुसरं घाटे भरताना 65-70 दिवसांनी, तर 4 लाखांत काम होतं. तेही विहिरीला पाणी असतानाच. म्हणून या भावाला मी सुचवलं: दोन एकर कांदा, तोही गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) ठिबकने, दीड एकर हरभरा, अर्धा एकर ज्वारी. कांद्याला एकरी 3 ते 4 किलो बी धरा आणि दोन एकरांपुरतंच टाका. रोप उरलं की लावायचा मोह होतो, हे आपण सगळे जाणतो.

आता निर्यातीबद्दल. 7 डिसेंबर 2023 ला रात्री निर्यातबंदीचा आदेश निघाला. दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी उतरले. त्याच 8 डिसेंबरला पिवळ्या वाटाण्याची आयातही शुल्काशिवाय खुली झाली, म्हणजे हरभऱ्याच्या भावावरही दाब आला. कांद्याची बंदी मे 2024 मध्ये उठली, तीही 40 टक्के शुल्क लावून. ते पुढे 20 टक्के झालं आणि 1 एप्रिल 2025 पासून गेलं. 2019 आणि 2020 मध्येही असंच घडलं होतं. शहरातल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे, हे मला मान्य आहे. पण त्याचा सगळा भार पिकवणाऱ्याच्या शिरावर टाकणं बरोबर नाही. आपला मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. 2019 च्या बंदीत तिथे विमानाने कांदा आणावा लागला. असा घाव बसलेला गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरं दार शोधतो, आणि त्याचा तोटा आपल्याला वर्षानुवर्षं होतो.

तरीही त्या डिसेंबरात सगळ्यात जास्त मार खाल्ला तो लाल कांद्याने, कारण तो साठवणीत थांबू शकत नाही. उन्हाळ कांदा चार-पाच महिने थांबू शकतो. तो खरंच थांबेल की नाही, हे ठरतं शेवटच्या पाण्यावर.

जूनमध्ये एका चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या मांडवात, गेलो होतो. दारातच कुजका वास. वरून चकचकीत दिसणाऱ्या कांद्याची मान अंगठ्याने दाबली, तर पाणी आलं. विचारल्यावर कळलं, वजन भरावं म्हणून काढणीच्या चार दिवस आधी पाणी दिलं होतं आणि दोन महिन्यांनंतरही युरिया टाकला होता. वजन भरलं खरं, पण ते पाण्याचं होतं. माना जाड राहिल्या, मिटल्याच नाहीत.

म्हणून लागवडीनंतर 45 दिवसांच्या पुढे युरिया नको. माना पडायला लागल्या की पाणी तोडा. काढणीआधी किमान 10 ते 15 दिवस शेत कोरडं हवं. निम्म्या माना पडल्या की काढा. तीन दिवस पातीसकट शेतात असा पसरा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल. मग इंचभर मान ठेवून पात कापा, दहा-बारा दिवस सावलीत सुकवा आणि मगच चाळीत भरा. चाळीला खालून हवा हवी, थर चार-पाच फुटांच्या वर नको. ठिबकचा खरा फायदा इथेच आहे. मोकाट पाण्यात सखल वाफा ओला राहतो, कांदा एकसारखा पक्व होत नाही. ठिबकने पाणी 35-40 टक्के वाचतं आणि ठरलेल्या दिवशी बंदही करता येतं. अल्प-अत्यल्प भूधारकांना मापदंडाच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या, 80 टक्के, इतरांना 75 टक्के अनुदान आहे. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा, पूर्वसंमती येईपर्यंत संच विकत घेऊ नका.

ताई, तुमच्या ज्वारीबद्दल. रेशनवर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं आणि त्याचा आधार मोठा आहे. पण रेशनमधून कडबा मिळत नाही. तुमच्या दारात दोन गाई आहेत. एप्रिल-मेमध्ये कडब्याची पेंढी विकत घ्यावी लागली तर दुधाचे पैसे त्यातच जातात. जमिनीत अजून ओल आहे, तर मालदांडी ज्वारी उशीर न करता पेरा. एखादं पाणी मिळालं तर चांगलंच, नाही मिळालं तरी भारी जमिनीत ती तग धरते.

बी विकत घेण्याआधी दोन आकडे वहीत लिहा: पिंप किती सेकंदांत भरलं आणि गेल्या मार्चमध्ये पंप किती तास चालला. वही घेऊन या. बसून तुमच्या क्षेत्राचा हिशोब करू.