मालगाडीच्या जुन्या वाघिणीचं, म्हणजे डब्याचं, मॉडेल जोडलं, पण एक चाक अधांतरी राहतं. कुठे चुकलं असेल?

चाकं बदलू नका, दोष सांगाड्यात आहे. तुम्ही लिहिलंय की १९२३च्या आरसीएच (रेल्वे क्लिअरिंग हाऊस, ब्रिटिश रेल्वे कंपन्यांची सामाईक संस्था) नमुन्याची ब्रिटिश कोळशाची वाघीण ४ मिलिमीटरला एक फूट या प्रमाणात जोडलीत आणि ती रुळांच्या सांध्यावर घसरते. माझ्या पहिल्या तीन वाघिणींचं हेच झालं होतं.

मूळ वाघिणीच्या दोन ॲक्सलमध्ये (चाकांच्या आसांमध्ये) ९ फूट अंतर, म्हणजे मॉडेलवर ३६ मिलिमीटर. एवढ्याशा लांबीत एका कोपऱ्याचं बेअरिंग अर्धा मिलिमीटर वर बसलं की ते चाक हवेत. खऱ्या वाघिणीच्या पाट्यांच्या स्प्रिंगा असा फरक पोटात घेतात. किटमधल्या स्प्रिंगा म्हणजे नुसतं ओतीव प्लास्टिक.

वाघीण जाड काचेवर ठेवा आणि तिरके समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून दाबा. टकटक आवाज आला की खोट पक्की. जे चाक वर राहतं त्याचं पितळी बेअरिंग काढा, ते ज्यात बसतं ते सांगाड्यातलं भोक बारीक गोल कानशीने खालच्या बाजूला किंचित वाढवा. ॲक्सलच्या टोकाला तेलाचं बोट लावा, चाकं बसवा, काचेवर ठेवून वर थोडं वजन द्या. बेअरिंग आपसूक जागेवर येतं. मग मागून सुईच्या टोकाने इपॉक्सीचा ठिपका, आणि रात्रभर हात लावायचा नाही.

पुढच्या किटला जोडणीआधीच तळाच्या कडेवरची साच्याची उंचावलेली रेघ कानशीने घासून टाका. सोलबार, म्हणजे सांगाड्याची बाजूची लांब तुळई, आत कलतो तो बहुतेक वेळा तिच्यामुळेच. एक सोलबार गुण्या लावून पक्का चिकटवा. दुसरा नुसता दोन थेंबांवर टेकवा, चाकं घाला, काचेवर उभी करा आणि मगच सांध्यातून ब्युटॅनोन (प्लास्टिक विरघळवून जोडणारं द्रावण) फिरवा. चाक फुंकरीने फिरलं पाहिजे.

वजनही बघा. ॲक्सलमागे २५ ग्रॅम, म्हणजे एकूण ५० ग्रॅम पुरे. मात्र शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात बसवून तळाखाली कोंडू नका. काही वर्षांनी शिसं फुगतं आणि तळ उचलला जातो. माझी एक वाघीण अशीच गेली. लोखंडी नट टाका.

ब्रेकचा दांडा दोन्ही बाजूंना असतो आणि त्या बाजूकडे तोंड करून पाहिलं तर उजव्या टोकाला येतो. किट उलटं धरून जोडताना इथे हमखास गल्लत होते. आणि रंगाआधी साल ठरवा. १९३९मध्ये युद्ध सुरू झाल्यावर खासगी मालकांच्या वाघिणी सरसकट एकत्र वापरात आल्या, त्यानंतर कुणी मालकाचं नाव पुन्हा रंगवायच्या फंदात फारसं पडलं नाही. मोडलेल्या फळीच्या जागी कोरी फळी ठोकली जायची, आणि नावातली अक्षरं मधेच तुटायची. मला अशी वाघीण रंगवायला सगळ्यात जास्त आवडते.

पण रंगाचा डबा उघडण्याआधी काचेवरची परीक्षा पुन्हा घ्या. रंग चढल्यावर बेअरिंगला हात लावणं जिवावर येतं.