‘व्हई जाई’ म्हणण्याआधी

प्रिय पोरी,

फोनवर तू नुसतं ‘हो आक्का, हो आक्का’ करतेस आणि मागे कोणीतरी दारात ताटकळत असतं. म्हणून पत्र लिहितेय. रात्री सगळे पांगले की वाच.

सरपंच झालीस. आता रोज सकाळी ओट्यावर माणसं बसलेली असतील. कोणाच्या नळाला चार दिवस पाणी नाही, कोणाच्या रेशनकार्डावर सुनेचं नाव चढत नाही, कोणाचा घरकुलाचा हप्ता अडकलाय. ऐकून घेतल्यावर तुझ्या तोंडून आपोआप निघेल, ‘व्हई जाई, काळजी नका करू.’ आपल्या खान्देशात ‘होऊन जाईल’साठीचा हा शब्द फार गोड लागतो. समोरचा हात जोडून उठतो, तुलाही काम झाल्यासारखं वाटतं. पोरी, त्या शब्दापासून सावध राहा.

मी पंचायत समितीत होते तेव्हाची गोष्ट. एका म्हातारीचे निराधार योजनेचे पैसे बंद पडले होते. बाजाराच्या दिवशी ती मला चोपड्याला स्टँडजवळ भेटली. मी म्हटलं, ‘व्हई जाई, माय.’ पुढच्या बाजारी पुन्हा भेटली, मी पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. खोटं बोलायचं म्हणून नव्हे गं, खरंच मनात होतं. पण गर्दीत विसरले. सात महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी तहसीलला गेले असताना कळलं, तिचा हयातीचा दाखला जमा नव्हता, एवढंच. एक कागद. मी तिच्या घरी गेले, चूक कबूल केली. ती रागावली नाही. म्हणाली, तू तेव्हाच नाही म्हणाली असतीस तर मी दुसऱ्या कोणाकडे गेले असते. आजही कोणाला शब्द देताना ते वाक्य मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली. तू आजच घे, मोबाइलमध्ये नको. कोण आलं, काय म्हणालं, मी काय बोलले, कागद आत्ता कोणाच्या टेबलावर आहे, आणि शेवटचा रकाना, ‘जाऊन सांगितलं का?’ हा शेवटचा रकानाच महत्त्वाचा. काम झालं तरी सांगायचं, अडलं तरी सांगायचं, होणार नसेल तर त्याच्या घरी जाऊन सांगायचं. निराधारचे महिन्याला १,५०० रुपये ज्या घरात येतात, तिथे ते येणार की नाही हे कळण्यावर किराणा दुकानातली उधारी ठरते.

प्रत्येक अर्जाची पोच घ्यायला शिकव. आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं सहज म्हणता येतं. २०१५ चा लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्यात ज्या सेवा अधिसूचित आहेत त्यांना मुदत ठरलेली असते. मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा नाकारला, तर अपील करता येतं. हे गावात कोणाला ठाऊक नसतं. तू सांग.

कोणतं काम कोणाचं, हेही पाठ कर. लोक रस्त्यासाठी तुझ्याकडे येतील. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे. चुकीच्या ऑफिसात दिलेला अर्ज वर्षभर नुसता फिरत राहतो.

आता केळीचं. तुझ्या गावात बागा आहेत, म्हणून हे नीट वाच. मे-जूनमध्ये वादळ सुटलं की एका रात्रीत घडांसकट झाडं आडवी होतात. त्या सकाळी पुढारी बांधावर फोटो काढतात. तू आधी तीन माणसांना फोन कर: तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. पंचनामा या तिघांनी मिळून करायचा असतो. झाडं तोडून बांधावर फेकण्याआधी फोटो काढायला सांग. आणि दवंडी दे, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाक, की ज्यांनी विमा काढलाय त्यांनी ७२ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. सरकारी मदत वेगळी, विमा वेगळा. मदतीला ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान लागतं, विम्याचे निकष निराळे. लोक दोन्ही एकच समजतात, पंचनामा झाला की विमाही आला असं धरून बसतात, आणि ते तीन दिवस निघून जातात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ई-पीक पाहणीचंही, म्हणजे मोबाइलवरून पीक नोंदवण्याचंही, तेच. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर ऐनवेळी उभी बाग कागदावर पडीक ठरते. म्हणून हंगामातच घरोघर विचार, नोंद झाली का? बटाईनं करणाऱ्याला दोनदा विचार.

आणि वरचा पाडा. तुझ्या ग्रामपंचायतीत तो पाडा आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि तिथली पावरा आदिवासी माणसं तुझ्या ओट्यावर येणार नाहीत. तूच जा. अंगणवाडीची खोली, पाण्याची टाकी, रस्ता, काहीही मागितलं की त्यांना वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळतं, जंगलखातं परवानगी देत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाच. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाणी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे पहिला कागद तुझ्या हातात आहे. ठराव कर, त्यांच्यासमोर वाच, त्यांच्या बोलीत सांगणारा कोणीतरी सोबत ने. जमलं तर साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहून ये. तिथल्या लोकांनी गावात बसून स्वतःचे नियम ठरवून जंगल राखलं. त्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

एक अवघड गोष्ट लिहिते. जावईबापू भले आहेत, मला ठाऊक आहे. पण त्यांना तुझ्या खुर्चीत बसू देऊ नकोस, बैठकीत तुझ्या वतीनं बोलू देऊ नकोस, आणि न वाचता सही करू नकोस. चेकवर नाव तुझं आहे, चौकशी आली तर तीही तुझीच. निम्म्या जागा बायकांना आहेत, तरी गावोगाव कारभार नवरेच पाहतात, याचं मला फार दुःख होतं. लोक आधी त्यांनाच हाक मारतील. त्यांनी ‘सरपंचांना विचारा’ एवढंच म्हणावं. ते त्यांनी केलं तर तुझं निम्मं काम झालं.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कागदावर उरकू नकोस. बायका पाण्याची वेळ, दारूचा अड्डा, शाळेच्या संडासाला दार नाही, हे मोठ्या सभेत बोलत नाहीत. तिथे बोलतात. दुपारी नको, त्या वेळी सगळ्या निंदणीला असतात. रात्री जेवणं आटोपल्यावर मंदिरापाशी बसा.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी येशील ना? सांजोऱ्या करून ठेवते. वही घेऊन ये. १ मेच्या ग्रामसभेची नोटीस निघायच्या आधी विषयपत्रिका आपण दोघी बसून वाचू, आणि ज्या नावांपुढे शेवटचा रकाना कोरा असेल त्यांना तिथूनच फोन लावू.

तुझी,
आक्का