जपानची जुनी मिनीव्हॅन मागवताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घरात आजी-आजोबांसह सातजण आहोत, दोन मुले अजून बाळाच्या सीटवर बसतात. अल्फार्ड, एल्ग्रँड, इस्टिमा, नोआ यांपैकी कोणती घ्यावी?

उत्तर: गाडीचे नाव बाजूला ठेवा, आधी मधली ओळ पाहा. सात आसनी गाडीत मध्ये दोन सुट्या खुर्च्या आणि त्यांच्यामध्ये मागे जायला वाट असते. आठ आसनी गाडीत मध्ये सलग बाक असतो. तुमच्या घरासाठी सात आसनीच बरी, कारण मधल्या सीटला बाळाची सीट अडकवली की ती खुर्ची पुढे दुमडता येत नाही. मग मागे जायचे तर मधली वाटच उरते. आयसोफिक्सचे, म्हणजे बाळाची सीट थेट गाडीला अडकवण्याचे, हूक बहुतेक गाड्यांत मधल्या ओळीच्या दोन बाजूंच्या सीटना असतात, तिसऱ्या ओळीत फक्त पट्टा. जपानमध्ये नव्या गाड्यांना हे हूक जुलै २०१२ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीत ते आहेत असे धरून चालू नका, सीटच्या खाचेचा फोटो मागवा. जुन्या मॉडेलमध्ये मागच्या ओळीच्या मधल्या जागेला कधी कधी फक्त कमरेचा दोन टोकांचा पट्टा असतो. तिथे मूल बसवू नये.

मग सामान. सातहीजण बसल्यावर मागे उरते ती चिंचोळी जागा, आणि इथे खरा फरक पडतो. अल्फार्ड, नोआ, व्हॉक्सी, सेरेना आणि डेलिका डी:५ यांची तिसरी ओळ दोन भागांत उचलून बाजूच्या खिडक्यांना टांगावी लागते. त्यामुळे रुंदी जाते आणि मागचे दिसतही नाही. २००६ ते २०१९ मधली इस्टिमा, ओडिसी आणि २००९ नंतरची स्टेपवॅगन यांची तिसरी ओळ फरशीखाली जाते. चारजण असताना भरपूर सामान नेणाऱ्या घराला आम्ही याच गाड्या सुचवतो.

पार्किंग मोजून घ्या. २००८ नंतरच्या अल्फार्डची उंची सुमारे १.९ मीटर आणि रुंदी १.८३ ते १.८५ मीटर आहे, त्यामुळे काही तळघरांत ती शिरत नाही. २०१४ च्या आधीच्या साध्या नोआ किंवा सेरेना लांबीला ४.७ मीटरच्या आणि रुंदीला १.७ मीटरच्या आत आहेत, कारण जपानमध्ये तो लहान गाड्यांचा नोंदणी वर्ग आहे. गल्लीबोळात फिरवायची असेल तर त्या सोप्या.

प्रश्न: विक्रेता "ग्रेड ४.५, आतून बी" एवढेच सांगतो. ते पुरेसे आहे का?

उत्तर: नाही. मूळ लिलावपत्रक, म्हणजे जपानी लिलावात तपासनीस गाडी पाहून भरतो तो अहवाल, पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत, आणि तेही विक्रेत्याने स्वतः टंकलेले भाषांतर नव्हे, स्कॅन केलेली प्रत. ग्रेड ५ आणि ४.५ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे वापराच्या किरकोळ खुणा असलेली चांगली गाडी, ३.५ म्हणजे रंगकाम लागेल अशी. "आतून बी" हा फक्त आतल्या भागाचा वेगळा दर्जा असतो. आर किंवा आरए म्हणजे मूळ सांगाड्याला मार बसून दुरुस्ती झालेली. नुसते बंपर किंवा दरवाजा बदलला म्हणून आर लागत नाही, ते खांब, चासीचे दांडे, छत, फरशी यांसाठी असते. आमच्या मते वापरायच्या कुटुंबाच्या गाडीसाठी ४ घेतलेली सर्वांत शहाणपणाची. ४.५ साठी जास्त पैसे मोजून तुम्ही बहुधा चकचकीत रंग विकत घेता.

पत्रकावर गाडीचे चित्र असते आणि त्यावर अक्षरे. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, बी म्हणजे पोचा आणि ओरखडा दोन्ही, डब्ल्यू म्हणजे रंगकामाची लाट, एस म्हणजे गंज, सी म्हणजे गंजून खाल्लेला पत्रा, एक्सएक्स म्हणजे बदललेला भाग. पुढचा आकडा मोठा, तेवढी खूण मोठी. ए१ आणि यू१ कडे दुर्लक्ष करा. एका बाजूच्या सलग दोन-तीन भागांवर डब्ल्यू२ किंवा डब्ल्यू३ असेल तर त्या बाजूचा इतिहास विचारा.

खरा मजकूर तपासनीसाच्या हस्ताक्षरातल्या ओळींत असतो. तो गाडी विकणाऱ्या माणसाकडून वाचून घेऊ नका, दुसऱ्या कोणाकडून घ्या. "शितामावारी साबी" म्हणजे खालून गंज, आणि "ऑइरु मोरे" म्हणजे ऑइल गळती. होक्काइदो आणि तोहोकू भागातल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, म्हणून तिथली गाडी वरून देखणी आणि खालून सडलेली असू शकते. सबफ्रेम (इंजिन आणि चाकांचे भाग धरणारी खालची चौकट), मागच्या चाकांच्या कमानी, ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सरचे जोड यांचे खालून काढलेले फोटो मागवा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर ती गाडी सोडा.

किलोमीटरच्या आकड्याशेजारी तारा, $ किंवा # अशी खूण दिसली तर मीटर बदललेला आहे किंवा आकड्याची खात्री नाही, असे समजा. चिन्हे लिलावगृहागणिक वेगळी असतात, म्हणून त्या लिलावगृहाची यादी पाहा. पडताळणीची आणखी एक जागा म्हणजे जपानचे "शाकेन", म्हणजे सक्तीच्या वाहन तपासणीचे, प्रमाणपत्र. नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी होते आणि त्या वेळचे रीडिंग प्रमाणपत्रावर छापले जाते. ते लिलावाच्या आकड्यापेक्षा जास्त निघाले तर बोलणे तिथेच थांबवा.

पत्रक काय सांगत नाही तेही लक्षात घ्या. तपासणी काही मिनिटांची असते. गरम इंजिनचे ऑइल खाणे, चढावर सीव्हीटीचे (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे) थरथरणे, रेडिएटरची कमजोरी त्यात सापडत नाही.

प्रश्न: २.४ लिटरची आणि ३.५ लिटरची अल्फार्ड यांत त्रास कोणत्या गाडीला कमी? पहिल्या सर्व्हिसला काय करून घ्यावे?

उत्तर: दोन्ही इंजिने टिकतात, पण दुखणी वेगळी. २.४ चे २एझेड-एफई इंजिन ठरावीक वर्षी बनलेल्या गाड्यांत पिस्टन रिंगांमुळे ऑइल खाते. दर हजार किलोमीटरला डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहा. याच इंजिनात सिलिंडर हेडच्या मागच्या बोल्टची आटी सुटते, मग कूलंट कमी होत जातो आणि इंजिन तापते. तापून हेड वाकले तर खर्च गाडीच्या किमतीकडे झुकतो, म्हणून हेडच्या मागच्या बाजूला वाळलेल्या गुलाबी डागांचा शोध घ्या.

३.५ च्या २जीआर-एफई मध्ये व्हीव्हीटी यंत्रणेला (इंजिनाच्या झडपांची वेळ बदलणाऱ्या) ऑइल नेणाऱ्या नळीचा एक तुकडा सुरुवातीच्या गाड्यांत रबराचा होता. तो फुटला की काही मिनिटांत सगळे ऑइल रस्त्यावर जाते. पूर्ण धातूची नळी बसवली आहे का ते पाहा, नसेल तर गाडी वापरायच्या आधी बसवा. या इंजिनला फिल्टरसह सुमारे ६ लिटर ऑइल लागते. दोन्हींत टायमिंग चेन आहे. मात्र पहिल्या पिढीच्या, म्हणजे २००२ ते २००८ च्या ३.० लिटर अल्फार्डला बेल्ट आहे. तो एक लाख किलोमीटरला बदलायचा आणि त्याच वेळी पाण्याचा पंपही.

२००८ नंतरच्या २.४ ला सीव्हीटी गिअरबॉक्स आहे. त्यात साधे एटीएफ (नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) ओतणे हा सर्वांत महागडा निष्काळजीपणा. सीव्हीटी असलेली एल्ग्रँड असेल तर निसानचेच एनएस मालिकेतले ऑइल. पातळी ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावरच तपासायची असते, थंड इंजिनवर नाही. म्हणून हे काम तापमान वाचणारे स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडेच द्या.

पहिल्या सर्व्हिसला इंजिन आणि गिअरबॉक्सचे ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट, एअर आणि केबिन फिल्टर, १२ व्होल्टची बॅटरी हे सगळे बदला. गोदीत आठवडेच्या आठवडे उभी राहून बॅटरी मेलेली असते, आणि कमी व्होल्टेजमध्ये विजेचे दरवाजे चुकीचे वागतात. दरवाजा अर्ध्यावर थांबून बीप करत असेल तर लगेच मोटर बदलू नका. खालचा रूळ आणि रोलर साफ करा, नवी बॅटरी घालून दरवाजा हाताने एकदा पूर्ण बंद करा. तरीही थांबला तर आतल्या दोरीचे तार सुटले आहेत का ते पाहा.

हायब्रिड घेत असाल तर बॅटरीकडे हवा नेणाऱ्या जाळीत कापसासारखी धूळ आहे का ते तपासा. तिथे हवा अडली की बॅटरी तापून लवकर संपते. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. नक्षी जाड असली तरी सहा-सात वर्षांच्या पुढचे टायर बदला.

प्रश्न: कागदपत्रे आणि वयाचे नियम कसे जुळवावेत?

उत्तर: गाडी निवडण्याआधी नियम वाचा, कारण वय मोजण्याची पद्धत देशागणिक बदलते. अमेरिकेत २५ वर्षांपेक्षा जुनी गाडी सुरक्षा मानकांतून सुटते, कॅनडात १५ वर्षांची. केनियात उलटे, आठ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. ब्रिटनमध्ये दहा वर्षांखालील गाडीला स्वतंत्र मान्यता चाचणी लागते. भारतात वापरलेली गाडी निर्मितीपासून तीन वर्षांच्या आत लागते, म्हणजे या वर्गातल्या बहुतेक स्वस्त गाड्या तिथे आपोआप बाद होतात. काही देश पहिल्या नोंदणीची तारीख धरतात, काही निर्मितीचा महिना. चासी नंबरावरून निर्मितीचा महिना आधीच शोधा.

जपानमध्ये नोंदणी रद्द झाल्याचे निर्यात प्रमाणपत्र, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), विक्रीपावती आणि प्रमाणपत्राचे भाषांतर ही कागदांची किमान थप्पी. चासी नंबर १७ अंकी नसतो, "एएनएच२०-" असा काहीसा असतो. विमा कंपनीला हे आधीच सांगा, नाहीतर त्यांचा फॉर्म पुढे सरकत नाही. आयातकर साधारणपणे गाडीची किंमत, भाडे आणि विमा यांच्या बेरजेवर बसतो. रो-रो जहाजात (ज्यात गाड्या चालवत चढवतात) गाडीत घरगुती सामान भरू नका.

उजवीकडून वाहतूक असलेल्या देशात हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, ते बदलावे लागतात. काही जुन्या मॉडेलमध्ये सरकता दरवाजा फक्त डाव्या बाजूला असतो, म्हणजे तिथे मुले रस्त्याच्या बाजूला उतरतील. अशा ठिकाणी दोन्हीकडे सरकते दरवाजे असलेलीच गाडी घ्या.

प्रश्न: रेडिओ लागत नाही, नकाशा जपानीत आहे. काही उपाय?

उत्तर: जपानी रेडिओ ७६ ते ९० मेगाहर्ट्झ, नव्या गाड्यांत ९५ पर्यंत पकडतो. बँड एक्स्पांडर (रेडिओच्या लहरी सरकवणारे छोटे यंत्र) लावला तर ८८ ते १०८ मधला एक तुकडाच ऐकू येतो, सगळी स्टेशने नाहीत. नवे हेड युनिट (डॅशबोर्डमधला रेडिओ-स्क्रीन) बरे, पण ते विकत घेण्याआधी रिव्हर्स कॅमेरा आणि एसीचे बटण मूळ स्क्रीनमधून चालतात का ते पाहा. चालत असतील तर जुळणारी अॅडॉप्टर केबल आणि कॅमेऱ्याला लागणारा व्होल्टेज विचारून घ्या. काही टोयोटा कॅमेरे ६ व्होल्टवर चालतात आणि १२ व्होल्ट दिल्यास जळतात.