गाडी दोन महिने बंद उभी आहे, चालू करण्याआधी काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की आईच्या आजारपणात दोन महिने गावी होतात, छोटी पेट्रोल गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढून तशीच उभी आहे, आणि परवा सकाळी आईंना तपासणीला न्यायचंय. माझी एकच विनंती आहे: परवा सकाळी पहिल्यांदा चावी लावू नका. उद्या दुपारी, हाताशी दोन तास मोकळे ठेवून लावा.

हे एवढ्या कळकळीने सांगतोय त्याला कारण आहे. मी डोंबिवलीला राहतो, कामाला लोकलने जातो. २०२० च्या मार्चअखेरीस लॉकडाउन लागला तेव्हा आमची गाडी जी उभी राहिली ती जूनपर्यंत. एका रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मी खाली धावलो, चावी फिरवली, तर नुसतं कट्-कट्-कट्-कट्. प्रत्येक कट् बरोबर डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत होते. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीतून नेलं. बाबा आज ठणठणीत आहेत, पण ती पंधरा मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनाचा कॉम्प्युटर हे सगळे थोडा थोडा करंट खात राहतात. सगळं मिळून ३० मिलिअँपिअर धरा. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाला थोडं कमी, म्हणजे दोन महिन्यांत त्रेचाळीसच्या आसपास. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बहुतेक वेळा ३५ अँपिअर-तासांची असते. तेव्हा ‘मागच्याच वर्षी नवी घातलीय’ यावर विसंबू नका, नवी बॅटरीही एवढ्या दिवसांत उतरते. साधा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर बॅटरीच्या टोकांना लावून बघा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली असेल तर सेल्फ मारण्यात (म्हणजे चावीने स्टार्टर फिरवण्यात) अर्थ नाही, सरळ चार्जर लावा किंवा जम्पर केबलची सोय करा.

पण बॅटरीच्याही आधी बॉनेट उघडा, आणि टॉर्च घेऊन उघडा. मला सगळ्यात जास्त भीती उंदरांची वाटते. मागे एका पावसाळ्यानंतर मी एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत बॉनेटखालच्या काळ्या अस्तराचे कातरलेले तुकडे, पावाच्या पिशवीचा कागद आणि शेंगांची टरफलं यांचं छान गोल घरटं होतं. फिल्टरला एका कडेने रुपयाएवढं भोक. शेजारच्या एका वायरचं प्लास्टिक सोलून तांबं उघडं पडलं होतं. तशीच गाडी चालू केली असती तर तो सगळा कचरा इंजिनाने ओढला असता. डब्याच्या क्लिपा हातानेच निघतात, दोन मिनिटांचं काम आहे. वायर कुरतडलेली दिसली तर तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. बाकी काही नसेल तर डिपस्टिक पुसून ऑइल बघा, कूलंटची पातळी बघा आणि गाडीखाली ओला डाग नाही ना ते वाकून बघा.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर आधी काळं (निगेटिव्ह) टोक सोडवा, मग लाल. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा. लावताना आधी लाल, मग काळं.

आता चावी. एसी, दिवे, पंखा, म्युझिक सगळं बंद. गाडी न्यूट्रलला, क्लच दाबलेला. चावी ‘ऑन’ला नेऊन दोन-तीन सेकंद थांबा, मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची बारीक घूं ऐकू येईल. मग सेल्फ मारा, पण एका वेळी पाच सेकंदांच्या वर नको. नाही झाली तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा. तीन-चार प्रयत्नांनंतर थांबा आणि काय ऐकू आलं ते आठवा, कारण पुढचं सगळं आवाजावर ठरतं. भराभर कट्-कट् म्हणजे बॅटरी उतरलीय. एकच ‘खट्’ आणि मग शांतता म्हणजे टोक सैल आहे किंवा स्टार्टरचं दुखणं. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, पेट्रोल, स्पार्क किंवा उंदीर यांपैकी काहीतरी आहे.

जम्पर केबल लावताना क्रम चुकवू नका: लाल आधी तुमच्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळी दुसऱ्या गाडीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक तुमच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून लांब हवी. काढताना बरोबर उलट्या क्रमाने.

गाडी चालू झाली की रेस देऊ नका. मिनिटभर तशीच राहू द्या आणि हळूहळू बाहेर काढा. पार्किंग तळघरात असेल तर तिथे इंजिन चालू ठेवून उभं राहू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हँडब्रेक दोन महिने ओढलेला आहे, त्यामुळे मागच्या ब्रेकचे लायनर (घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) चाकाच्या ड्रमला चिकटलेले असू शकतात. पहिल्या गिअरला गाडी पुढे न जाता मागून खाली बसतेय असं वाटलं तर तेच झालंय. हळुवारपणे एकदा पुढे, एकदा रिव्हर्स, असं करून बघा. बारीक ‘टक्’ आवाज येऊन चाक सुटतं. नाहीच सुटलं तर जोर करू नका, मेकॅनिक ड्रमवर हातोडीने ठोकून सोडवतो. पुढच्या डिस्कवर तांबूस गंज दिसेल, तो पहिल्या चार-पाच ब्रेकला निघून जातो, घाबरू नका. मात्र गेटच्या आतच ब्रेक दाबून बघा आणि पहिल्याच पंपावर हवा भरून घ्या.

मग गाडी निदान चाळीस मिनिटं चालवा. लोक सांगतात की बंद गाडी रोज पाच मिनिटं जागेवर चालू ठेवावी. ते मला अजिबात पटत नाही. सेल्फने ओढलेला करंट तेवढ्यात धड परत भरत नाही, इंजिन नीट तापत नाही आणि ऑइलमध्ये ओल साठते. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास फिरवून आणा, आणि ते जमणार नसेल तर जाताना काळं टोक सोडवून ठेवा. पुढच्या वेळी हँडब्रेकही नको. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

उद्या फिरवून आणल्यावर रात्रभर गाडी तशीच ठेवा आणि परवा सकाळी निघायच्या तासभर आधी पुन्हा मल्टिमीटर लावा. १२.४ च्या वर असेल तर आईंना खुशाल घेऊन निघा. १२ च्या आसपास घसरली असेल तर बॅटरी पुरती भरलेली नाही किंवा चार्ज धरत नाहीये. त्या दिवसापुरती रिक्षा करा आणि परत आल्यावर बॅटरी चार्ज करून तपासून घ्या, गरज असेल तर बदला.