फक्त हिंदुस्थानी संगीत ऐकलेल्या माणसाने एनसीपीएमध्ये पहिल्यांदा कशाचं तिकीट काढावं?

तुम्ही लिहिलंय की घरात सगळे ख्याल ऐकणारे, मैफली ऐकल्या त्या मंडपात नाहीतर उपनगरातल्या नाट्यगृहात, आणि आता मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएचे (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) पुढच्या दोन-तीन महिन्यांतले कार्यक्रम बघून गोंधळ उडालाय. माझं मत विचाराल तर माइक नसलेला कार्यक्रम निवडा. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा मिळाला तर डोळे झाकून तोच.

आपल्याला स्पीकरची इतकी सवय झालीये की वाद्याचा मूळ आवाज कसा असतो हेच विसरायला होतं. काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा एनसीपीएतल्याच जमशेद भाभा थिएटरच्या बाल्कनीत बसलो होतो. साठ-सत्तर वादक एकदम थांबले आणि मागे एकट्या क्लॅरिनेटचा सूर उरला, फुंकरीइतका बारीक. तो तेवढ्या लांबून माझ्यापर्यंत सरळ आला. अंगावर काटा आला होता, आजही आठवतो.

हा ऑर्केस्ट्रा एनसीपीएचाच. खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी तो 2006 मध्ये उभा केला. त्याचे मोठे सीझन वर्षात दोन, साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात. तिकीट बाल्कनीचं काढा. स्वस्त पडतं, सगळी वाद्यं छान मिसळून ऐकू येतात आणि कोण कधी वाजवतोय तेही वरून दिसतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आपल्यासारख्यांना तीच जड जाते. तिथे मध्येच दाद द्यायची नसते. कॉन्चेर्तोचे, म्हणजे एक मुख्य वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनेचे, बहुधा तीन भाग असतात; सिम्फनीचे, म्हणजे सबंध ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचनेचे, चार. एक भाग संपला की सभागृहात शांतता पसरते, कोणी खोकून घेतं, पण टाळी नाही. सगळे भाग संपून कंडक्टरने हात खाली घेतले की मग मनसोक्त वाजवा. समेवर मान हलवणाऱ्याला पहिली वीस मिनिटं अवघडल्यासारखं होतं. मलाही झालं. मग लक्षात आलं की ती शांतताही रचनेत धरलेली आहे. जाण्याआधी कार्यक्रमातली मुख्य रचना दोनदा घरी ऐकून जा. बंदिश ओळखीची असली की विस्तार जसा कळतो, तसंच इथेही होतं.

हिंदुस्थानी संगीतच ऐकायचं असेल तर एनसीपीएचंच टाटा थिएटर. 1980 साली उघडलेलं, आराखडा फिलिप जॉन्सन यांचा आणि ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. खुर्च्या पंख्यासारख्या रंगमंचाभोवती पसरलेल्या, त्यामुळे हजार माणसांतही गायकाचा चेहरा दिसतो. मी ऐकलेल्या मैफलींत तिथेही माइक होते, पण आवाज बेताचा ठेवलेला. तानपुरे नीट ऐकू येत होते, यातच सगळं आलं.

‘ही जागा आपल्यासारख्यांची वाटत नाही’ असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. ते मनातून काढून टाका. पु. ल. देशपांडे आणि संगीतज्ञ अशोक दा. रानडे यांनी या संस्थेत काम केलंय, लोककलांवर आणि संगीतावर. स्वच्छ साधे कपडे पुरतात. चर्चगेटहून शेअर टॅक्सी मिळते, चालत गेलात तर वीसेक मिनिटं.

फक्त उशीर करू नका. एकदा दार बंद झालं की रचना संपेपर्यंत बाहेर थांबावं लागतं, आणि ऑर्केस्ट्राचं सूर लावणं हुकतं. ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य एक स्वर धरतं, मग व्हायोलिनं, चेलो, पितळी वाद्यं एकामागून एक त्याला येऊन मिळतात. तानपुरे जुळत असताना ज्या उत्सुकतेने आपण बसलेलो असतो, तशाच उत्सुकतेने ते ऐका.